'फाइल ऑलरेडी इन यूज' : ऑफिसच्या सामायिक डेटाबेसचे कुलूप अडले तर काय करावे?



आपल्यापैकी बरेच जण इथे यूकेत लहान ऑफिस चालवतात किंवा अशा ऑफिसात काम करतात. कोणाची अकाउंटन्सीची प्रॅक्टिस आहे, कोणाचा दाताचा दवाखाना, कोणाची ट्रॅव्हल एजन्सी, तर कोणी मंडळाच्या सभासदांची यादी सांभाळतो. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट हमखास सापडते. कोणीतरी, केव्हातरी, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये एक डेटाबेस बनवलेला असतो, तो शेअर्ड ड्राइव्हवर ठेवलेला असतो आणि चार-पाच जण एकाच वेळी तो वापरत असतात. बनवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. डेटाबेस मात्र चालू असतो.

आणि मग एक दिवस सकाळी निरोप येतो : 'फाइल ऑलरेडी इन यूज'. काम ठप्प. "तुम्ही आयटीवाले ना, जरा बघता का?" असे म्हणत फोन येतो. असे फोन मला इतके आले की सगळे एकदा लिहूनच काढावे असे ठरवले. लेख थोडा लांब आहे, पण छापून ऑफिसात ठेवला तर उपयोगी पडेल. संगणकाचे विशेष ज्ञान नसले तरी चालेल.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण घाईत नेमकी तीच विसरली जाते. कुलूप हा बिघाड नाही. कुलूप आपल्या माहितीचा राखणदार आहे. ते अडले तर ते कोणी धरून ठेवले आहे ते शोधा. ते फोडू नका, आणि 'तात्पुरती' दुसरी प्रत काढून काम सुरू करू नका.


१. कुलूप म्हणजे नक्की काय?

संगणक येण्यापूर्वीची सहकारी बँक आठवा. खातेवही एकच. ती एका कारकुनाच्या टेबलावर असली की दुसऱ्याला थांबावे लागे. दोघांनी दोन वह्यांत एकाच खात्याची नोंद केली असती तर महिनाअखेरीला शिल्लक जुळली नसती. थांबण्याचा कंटाळा यायचा, पण हिशेब बरोबर राहायचा.

डेटाबेसचे कुलूप हेच काम करते. तुम्ही एखादी नोंद बदलायला घेतली की अ‍ॅक्सेस इतरांना सांगते, "थांबा, इथे काम चालू आहे." काम झाले की कुलूप निघते. हे कुलूप तीन आकारांत येते :

- संपूर्ण फाइलचे कुलूप : कोणीतरी डेटाबेस 'एक्सक्लुझिव्ह' म्हणजे एकट्यासाठी उघडला आहे. बाकी कोणालाही आत जाता येत नाही.
- पानाचे कुलूप : अ‍ॅक्सेस आपली माहिती फाइलमध्ये पानापानांनी ठेवते. अ‍ॅक्सेस ९७ पर्यंत हे पान २ किलोबाइटचे होते, अ‍ॅक्सेस २००० पासून ते ४ किलोबाइटचे झाले. एका पानावर अनेक नोंदी मावतात, त्यामुळे तुम्ही जोश्यांची नोंद उघडली तर शेजारची जोगळेकरांची नोंदही अडकू शकते.
- एका नोंदीचे कुलूप : अ‍ॅक्सेस २००० पासून ही सोय आली. यात फक्त तुम्ही उघडलेली नोंद अडते.


२. ती छोटी फाइल कसली?

डेटाबेस उघडला की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एक छोटी फाइल आपोआप तयार होते. जुन्या 'एमडीबी' प्रकारात तिचे शेपूट 'एलडीबी' असते, अ‍ॅक्सेस २००७ पासूनच्या 'एसीसीडीबी' प्रकारात 'एलएसीसीडीबी'. हीच कुलपाची फाइल. आत कोण कोण आहे याची हजेरी तिच्यात असते : प्रत्येकासाठी ६४ बाइट, त्यात ३२ संगणकाच्या नावाचे आणि ३२ वापरणाऱ्याच्या नावाचे. एका डेटाबेसात एका वेळी जास्तीत जास्त २५५ जण, म्हणून ही फाइल कधी फार मोठी होत नाही.

शेवटचा माणूस नीट बाहेर पडला की ही फाइल आपोआप पुसली जाते. म्हणून संध्याकाळी सगळे गेल्यावरही ती फोल्डरमध्ये दिसत असेल, तर तीन शक्यता :

1. कोणाचा तरी संगणक अजून डेटाबेस उघडून बसला आहे.
2. कोणाचा तरी संगणक मध्येच बंद पडला आणि बाहेर पडण्याची नोंद राहून गेली.
3. शेवटच्या माणसाला त्या फोल्डरमधली फाइल पुसण्याची परवानगीच नाही.

हजेरी वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, वापरणाऱ्याचे नाव जवळजवळ नेहमी 'अ‍ॅडमिन' असेच दिसते. घाबरू नका, कोणी चोरून शिरलेले नाही. वेगळी सुरक्षा लावली नसेल तर अ‍ॅक्सेस सगळ्यांनाच अ‍ॅडमिन म्हणते. आपण संगणकाचे नाव बघायचे. म्हणूनच ऑफिसातल्या प्रत्येक संगणकावर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवा. दुसरी, माणूस बाहेर पडला तरी त्याचे नाव हजेरीतून लगेच जात नाही. म्हणजे यादीतले सगळे जण आत्ता आत असतीलच असे नाही. यादीवरून चौकशी सुरू करायची, निष्कर्ष काढायचा नाही.


३. नेहमीचे निरोप आणि त्यांचा अर्थ

आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, पण मतितार्थ हाच :

'कुड नॉट यूज... फाइल ऑलरेडी इन यूज' – कोणीतरी एक्सक्लुझिव्ह उघडले आहे, किंवा तुम्हाला त्या फोल्डरमध्ये कुलपाची फाइल लिहिण्याची परवानगी नाही. एकाच व्यक्तीला हा निरोप येत असेल तर परवानगी तपासा. सगळ्यांना येत असेल तर एक्सक्लुझिव्ह उघडणारा शोधा.

'कुड नॉट अपडेट. करंटली लॉक्ड बाय यूजर अमुक ऑन मशीन तमुक' – हा निरोप चांगला, कारण त्यात संगणकाचे नाव असते. त्या टेबलाजवळ जाऊन बघा. बहुतेक वेळा नोंद अर्धवट उघडी ठेवून माणूस जेवायला गेलेला असतो.

'राइट कॉन्फ्लिक्ट' – तुम्ही नोंद उघडल्यानंतर आणि जतन करण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी तीच नोंद बदलली. इथे 'सेव्ह रेकॉर्ड' दाबले तर त्या दुसऱ्या माणसाचा बदल पुसला जाईल आणि त्याला ते कळणारही नाही. त्यामुळे आधी विचारा, मग दाबा. शंका असेल तर 'ड्रॉप चेंजेस' घ्या आणि आपला बदल नव्याने करा.

'द डेटाबेस हॅज बीन प्लेस्ड इन अ स्टेट बाय यूजर अ‍ॅडमिन...' – कोणीतरी फॉर्म किंवा रिपोर्टच्या रचनेत बदल करत बसला आहे. अ‍ॅक्सेस २००० पासून रचनेतल्या बदलासाठी संपूर्ण डेटाबेसवर ताबा लागतो. चालू कामाच्या वेळी रचना बदलू नये, हा नियमच करा.

डेटाबेस 'रीड-ओन्ली' उघडतो – बहुधा कुलपाची फाइल तयार करता येत नाही. पुन्हा परवानगीकडेच बोट.

'अनरेकग्नाइझ्ड डेटाबेस फॉरमॅट' किंवा 'इनकन्सिस्टंट स्टेट' – हा निरोप गंभीर आहे. फाइलला इजा झालेली असू शकते. सगळ्यांचे काम ताबडतोब थांबवा आणि पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.


४. पहिली पंधरा मिनिटे

1. सगळ्यांना सांगा : "कोणी नवीन नोंद करू नका." अर्धवट असलेले फॉर्म शक्य असेल तर जतन करून बंद करायला सांगा. निरोपातले शब्द, वेळ आणि कोणत्या संगणकावर आला ते कागदावर लिहून घ्या.

2. कुलपाची फाइल आहे का ते बघा. असेल तर तिची प्रत आपल्या डेस्कटॉपवर काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. मधेमधे विचित्र खुणा दिसतील, पण संगणकांची नावे वाचता येतात. प्रत निघालीच नाही तर पुढे चला.

3. सर्व्हरवर बघा. विंडोज सर्व्हर असेल तर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्यात 'ओपन फाइल्स'. तिथे कोणाकडून कोणती फाइल उघडी आहे याची आत्ताची खरी यादी मिळते. ही यादी कुलपाच्या फाइलपेक्षा जास्त भरवशाची.

4. त्या संगणकाजवळ जा. अ‍ॅक्सेस नीट बंद करा. खिडकी दिसत नसेल तर 'टास्क मॅनेजर'मध्ये बघा. खिडकी गेली तरी प्रोग्राम मागे चालूच राहिला, असे पुष्कळदा होते. तिथून बंद करा, किंवा तो एक संगणक रीस्टार्ट करा. सर्व्हर रीस्टार्ट करण्याची घाई नको. त्याने सगळ्यांचीच कामे मध्येच तुटतात.

5. संगणक बंद आहे, तरी सर्व्हरवर फाइल उघडीच दिसते? काही मिनिटे थांबा, सर्व्हर बहुधा स्वतःच जोडणी सोडतो. नाहीच सोडली तर 'ओपन फाइल्स'मधून ती एक नोंद बंद करता येते. हा शेवटचा उपाय, आणि तो संगणक खरोखर बंद असल्याची खात्री डोळ्यांनी करूनच.

6. आता कोणीच आत नाही, तरी कुलपाची फाइल राहिली? मग ती साध्या रीतीने पुसून बघा. कोणी वापरत असेल तर विंडोज पुसू देणार नाही. तो नकार ऐका. पुसू दिली तर ती बेवारस होती, प्रश्न मिटला.

   इथे एक धोक्याची सूचना. तुमचा शेअर्ड ड्राइव्ह म्हणजे लिनक्सवर चालणारी नॅस पेटी असेल, तर त्या पेटीत थेट शिरून फाइल पुसू नका. लिनक्स उघडी असलेली फाइलही मुकाट्याने पुसू देते. मग आत असलेल्यांची हजेरी एका पुसलेल्या फाइलीत आणि नव्याने आलेल्यांची दुसरीत, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. असे झाले की डेटाबेस खराब व्हायला वेळ लागत नाही.

7. बॅकअप घ्या आणि मगच 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा. दुरुस्ती करताना अ‍ॅक्सेस न वाचता येणाऱ्या नोंदी टाकून देऊ शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वीची प्रत तारीख घालून बाजूला ठेवा. दुरुस्तीनंतर मुख्य टेबलांतील नोंदींची संख्या आधीच्या बॅकअपशी ताडून बघा.


५. पुन्हा होऊ नये म्हणून

फोल्डरची परवानगी. डेटाबेस वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या *फोल्डरवर* वाचणे, लिहिणे, नवी फाइल तयार करणे आणि पुसणे अशा चारही परवानग्या हव्यात. फक्त डेटाबेसच्या फाइलवर परवानगी देऊन भागत नाही. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघाले.

उघडण्याची पद्धत. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'क्लायंट सेटिंग्ज' इथे खाली 'डिफॉल्ट ओपन मोड' आहे. तो 'शेअर्ड' हवा. तिथेच 'डिफॉल्ट रेकॉर्ड लॉकिंग'मध्ये 'ऑल रेकॉर्ड्स' निवडले असेल तर एक माणूस सगळे टेबल अडवतो. एकाच नोंदीवर दोघे क्वचितच येत असतील तर 'नो लॉक्स' पुरते, वारंवार येत असतील तर 'एडिटेड रेकॉर्ड' बरे. त्याखालचे नोंदीनिहाय कुलपाचे खूण-घर सर्व संगणकांवर सारखे ठेवा, कारण सकाळी जो पहिला डेटाबेस उघडतो त्याच्या संगणकावरची निवड त्या वेळी सगळ्यांना लागू होते. "कधी कधीच अडतं, नेहमी नाही" या तक्रारीचे मूळ इथे असू शकते.

डेटाबेसचे दोन भाग करा. एवढी एकच सुधारणा करणार असाल तर हीच करा. टेबले, म्हणजे खरी माहिती, एका फाइलीत शेअर्ड ड्राइव्हवर ठेवायची. फॉर्म, रिपोर्ट आणि क्वेरी दुसऱ्या फाइलीत घेऊन तिची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर ठेवायची. अ‍ॅक्सेसमध्येच 'डेटाबेस टूल्स' या टॅबखाली त्याची सोय आहे. यामुळे रचनेतल्या बदलाने सगळे अडत नाहीत आणि एकाचा फॉर्म बिघडला तरी दुसऱ्याचे काम चालू राहते. शेअर्ड ड्राइव्हवरचा एकच फॉर्म सगळ्यांनी उघडणे टाळा.

वायफाय आणि झोपणारे लॅपटॉप. अ‍ॅक्सेसमध्ये सर्व्हर काही विचार करत नाही, तो फक्त फाइल पुरवतो. लिहिण्याचे सगळे काम तुमच्या संगणकावरून तारेतून होते. लिहिता लिहिता जोडणी तुटली की पान अर्धवट राहते. जिथे शक्य आहे तिथे केबल लावा आणि डेटाबेस उघडा असताना लॅपटॉपचे झाकण मिटू नका.

व्हीपीएन. याच कारणासाठी घरून व्हीपीएनवरून थेट डेटाबेसची फाइल उघडू नये. ऑफिसातल्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने जाऊन तिथेच काम करावे. मग तारेतून फक्त चित्र येते, माहिती ऑफिसातच राहते.

अद्यतने. कधी कधी दोष आपला नसतोच. १४ डिसेंबर २०२१ च्या ऑफिस सुरक्षा अद्यतनांनंतर अनेक ठिकाणी अ‍ॅक्सेसचा डेटाबेस एका वेळी एकालाच उघडता येऊ लागला. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य करून नंतर दुरुस्ती दिली. म्हणून "काल चालत होते, आज कोणाचेच चालत नाही" अशी स्थिती असेल तर रात्री कोणते अद्यतन आले ते आधी बघा. सगळ्या संगणकांवर ऑफिसची एकच आवृत्ती ठेवा. ऑफिस २०१६ आणि २०१९ ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, हेही ध्यानात असू द्या.

अ‍ॅक्सेसला निरोप कधी द्यावा? फाइल २ गिगाबाइटच्या मर्यादेकडे सरकू लागली, रोज दहा-पंधरा जण एकदम लिहू लागले, किंवा लोक वेगवेगळ्या गावांहून काम करू लागले, तर टेबले एसक्यूएल सर्व्हरसारख्या खऱ्या डेटाबेस सर्व्हरवर न्यावीत. त्याची 'एक्सप्रेस' आवृत्ती फुकट आहे. फॉर्म अ‍ॅक्सेसचेच राहू शकतात, त्यामुळे ऑफिसातल्या मंडळींना नवे काही शिकावे लागत नाही. कुलूप सांभाळण्याचे काम मात्र त्या कामासाठीच बनवलेला प्रोग्राम करतो.


६. 'तात्पुरत्या प्रती'ची गोष्ट

आता सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या प्रतीकडे वळतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा एका मंडळात आम्ही काही जण एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना फोन करण्याचे काम करत होतो. यादी अ‍ॅक्सेसमध्ये होती आणि संगणक बंद हॉलमध्ये. कोणीतरी फाइल घरी आणली. चौघांना ती हवी होती, म्हणून आम्ही ती क्लाउडच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये टाकली. त्यात माझाही होकार होता. आयटीवाला मीच होतो आणि मलाच सुचायला हवे होते.

सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये काय होते? प्रत्येकाच्या लॅपटॉपवर फाइलची पूर्ण प्रत असते. माझ्या प्रतीचे कुलूप तुमच्या प्रतीला लागत नाही. दोघे एकदम आत शिरतात, कोणालाही 'फाइल ऑलरेडी इन यूज' दिसत नाही, सगळे कसे सुरळीत वाटते. मग सिंक करणारा प्रोग्राम एक प्रत खरी धरतो आणि दुसरी वेगळ्या नावाने बाजूला ठेवतो. आमच्या फोल्डरमध्ये दहाव्या दिवशी अशा तीन फाइली निघाल्या.

एका आजींचा फोन आमच्यातल्या एका ताईंकडून दुसऱ्या एका दादांकडे द्यायचा ठरला होता. ताईंनी त्यांच्या प्रतीत तसा बदल केला. दादांच्या प्रतीत तो पोचलाच नाही. ताईंना वाटले दादा करतात, दादांना वाटले ताई करतात. नऊ दिवस त्या आजींना कोणाचाही फोन गेला नाही. आजींना मधुमेह. औषधे आणून देण्याची व्यवस्था याच फोनवरून ठरत असे. आम्ही फोन केला तेव्हा दोन दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, मला वाटलं तुम्ही सगळे कामात असाल. कशाला त्रास द्यायचा?"

औषधे त्याच संध्याकाळी पोचली, सगळे नीट झाले. पण तेव्हापासून 'फाइल ऑलरेडी इन यूज' या निरोपाचा मला राग येत नाही. तो निरोप आला असता तर आम्ही पहिल्याच दिवशी थांबलो असतो.

त्यानंतर आम्ही काय केले? फाइल एकाच लॅपटॉपवर ठेवली. एक काकू ती सांभाळू लागल्या. बाकीचे त्यांना फोन करून सांगायचे, "काकू, अमक्यांना फोन झाला, लिहून घ्या." तंत्रज्ञान म्हणून अगदी मागासलेले, पण वही एक आणि लेखणी एक. पुढे चांगली व्यवस्था होईपर्यंत तेच चालले आणि एकही नाव सुटले नाही.


७. पोस्टाच्या काउंटरवरचे कुलूप

आमची चूक दहा दिवसांत कळली. याच जातीच्या दोषाची याच देशातली फार मोठी गोष्ट पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रणालीत आहे. १९९९ पासून ही प्रणाली शाखाशाखांत बसवली गेली. जुन्या होरायझनमध्ये शाखेतल्या प्रत्येक काउंटरच्या संगणकावर व्यवहारांची स्वतःची प्रत असे आणि रिपोस्ट नावाचे सॉफ्टवेअर त्या प्रती एकमेकींशी जुळवत असे.

२००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्क गावच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेत एक दोष उघड झाला. रिपोस्टमधले कुलूप वेळेवर सुटत नसे, आणि मग एका काउंटरवर झालेला व्यवहार दुसऱ्या काउंटरला दिसत नसे. न दिसल्यामुळे तोच व्यवहार पुन्हा केला जाई आणि शाखेचा हिशेब चुके. मार्च २००६ मध्ये त्यावर दुरुस्ती आली. पण दोष आधी काही वर्षांपासून होता. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी ५५५ दावेदारांच्या खटल्यात होरायझनविषयी निकाल दिला. त्याच्या परिशिष्टात ज्या दोषांची एकेक करून छाननी आहे, त्यांत हाही आहे. निदान ३० शाखांना त्याचा फटका बसल्याचे तिथे नोंदले आहे.

होरायझनमध्ये असे आणखीही दोष होते. त्या काळात ९०० हून अधिक उपडाकपालांना पैशांच्या अफरातफरीसारख्या गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. त्यांत आपल्या उपखंडातून आलेली कुटुंबे पुष्कळ होती. सरेमधल्या वेस्ट बायफ्लीट इथल्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावे लागले. कॅलेंडर स्क्वेअरचा दोष त्यांच्या खटल्यात चर्चेलाही आला होता, पण निकाल त्यांच्या विरुद्धच गेला. ती शिक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली. मे २०२४ मध्ये खास कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या अशा शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या.

सगळा दोष एका कुलपाचा होता असे मी म्हणत नाही. पण आपल्यासाठी धडा सरळ आहे. हिशेब जुळत नसेल तर टंकणाऱ्या मुलीवर किंवा खजिनदारावर बोट ठेवण्यापूर्वी विचारा : फाइल एकच होती का? दोघांना एकमेकांचे काम दिसत होते का? संगणक दाखवतो म्हणून ते खरे, असे धरून चालू नका.


८. कायद्याची बाजू थोडक्यात

सभासदांची किंवा रुग्णांची नावे, पत्ते, आजार ही वैयक्तिक माहिती आहे. यूके जीडीपीआरप्रमाणे ती अचूक ठेवणे ही आपली जबाबदारी आहे, संस्था स्वयंसेवकांची असली तरी. माहिती चोरीला जाणे एवढाच 'डेटा ब्रीच' नसतो. ती नष्ट होणे किंवा हाताशी न मिळणे हेही त्यात येते. त्यातून लोकांना धोका संभवत असेल तर कळल्यापासून ७२ तासांच्या आत माहिती संरक्षणाच्या नियामकाकडे कळवावे लागते. म्हणून प्रसंगाची कागदावरची टिपणे जपून ठेवा, आणि घरोघरी पसरलेल्या जुन्या प्रती शोधून पुसून टाका.


९. संगणकाजवळ चिकटवण्याची चिठ्ठी

- निरोप आला? थांबा. शब्द, वेळ, संगणकाचे नाव लिहा.
- सगळ्यांना बाहेर पडायला सांगा.
- कोण आत आहे ते सर्व्हरवर बघा, त्या टेबलाजवळ जा.
- कुलपाची फाइल जबरदस्तीने पुसू नका.
- दुरुस्तीपूर्वी बॅकअप.
- दुसरी प्रत काढून काम सुरू करू नका. गरज पडली तर कागदावर लिहा, फाइल सुरू झाली की एकाने सगळे टंकावे.

शेवटच्या ओळीला काही जण हसतील. आयटीवाला आणि कागदावर लिहा म्हणतो! पण अर्धा दिवस कागदावर लिहिल्याने कोणाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही. दोन प्रतींनी झालेले पाहिले आहे.

आपल्या ऑफिसात वेगळाच निरोप येत असेल तर तो शब्दशः लिहून घेऊन पुढच्या मासिक भेटीत जरूर दाखवा. चहा घेता घेता बघू. लेख ज्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते त्यांना अवश्य पाठवा.